कलम अकरा (ब) आणि बिनदुधाची खीर

धम्मपाल गांगुर्डे यांनी आयुष्यात हजारो कागद लिहिले असतील, पण मनापासून अभिमान वाटावा असा त्यातला एकच, आणि नेमका तोच एके दिवशी त्यांच्या मानगुटीवर बसला. तो कागद म्हणजे मैत्री वसाहत मंडळाच्या घटनेतलं कलम अकरा (ब).

कलमाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला तुम्ही हसाल. हसा बापडे. पण पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं लिपिक म्हणून काढलेल्या माणसाचं लिहिलेलं वाचतो कोण? वरचे सही करतात, खालचे फायलीला लावतात, आणि फाईल कपाटात जाते. कलम अकरा (ब) मात्र वसाहतीत दरवर्षी मोठ्याने वाचलं जायचं, तेही माईकवरून.

नाशिकात इंदिरानगरच्या पलीकडे ही बासष्ट घरांची वसाहत. वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीच्या संध्याकाळी, विहारासमोरच्या पटांगणात खीर शिजायची. प्रत्येक घरातून तांब्याभर दूध यायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका थोरल्या पातेल्यात पडायचं. पहिला तांब्या चांगुणाआजीचा, कारण वसाहतीत पहिलं बिऱ्हाड तिचं. आजी तो पदराखाली झाकून आणायची, पाठमोरी होऊन ओतायची आणि कोणाशी न बोलता मागे जाऊन बसायची. धूळ पडू नये म्हणून झाकत असेल, असं सगळे धरून चालले होते.

मंडळाचे अध्यक्ष पुंजाराम बाबा. मनमाडला रेल्वेत फिटर होते, आता पंच्याहत्तरीला टेकलेले. ब्याण्णव साली मंडळाची नोंदणी करायची ठरली तेव्हा त्यांनी गांगुर्ड्यांना बोलावून सांगितलं, "खिरीचं एक कलम घाल. पातेलं एकच. एवढंच लिही." बाबा लहान असताना गावच्या शाळेत त्यांना पाणी ओंजळीत, वरून ओतून मिळायचं, आणि चहाच्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असायची. हे ते कधी सांगत बसले नाहीत. पण वसाहतीला ते ठाऊक होतं, आणि 'वेगळं भांडं' हे दोन शब्द बाबांच्या समोर कोणी काढत नसे.

आता 'एवढंच लिही' म्हटल्यावर एवढंच लिहील तो लिपिक कसला. गांगुर्ड्यांनी दोन रविवार खर्ची घातले आणि कलम सिद्ध केलं: 'वैशाख पौर्णिमेची खीर एकाच पातेल्यात शिजेल, तीत प्रत्येक घराचे अर्धा लिटर दूध पडेलच, आणि कोणासाठीही, कोणत्याही कारणास्तव, वेगळे पातेले, वेगळी कढई अथवा वेगळा टोप चुलीवर चढविता येणार नाही.' यातल्या 'कोणत्याही कारणास्तव'वर त्यांचा विशेष जीव होता. शिवाय खाली तळटीप, की या कलमात बदल करायचा तर पूर्ण एकवीस दिवसांची लेखी सूचना देऊन सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. बाबांनी ऐकलं, म्हणाले, "लांबलं जरा," आणि सही करून शेजारी अंगठाही उमटवला. अंगठा कशाला, असं गांगुर्ड्यांनी विचारलं, तर म्हणाले, "एवढ्या लांबीला एक सही पुरायची नाही."

अकरा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग सिंहस्थाचं साल आलं, नाशिकभर रस्ते उकरले गेले, आणि त्याच वैशाखात वसाहतीच्या बायकांनी पौर्णिमेच्या नाटुकल्यात सुजाता, म्हणजे बुद्धांना खीर अर्पण करणारी बाई, म्हणून साक्षीला निवडलं.

साक्षी ही गांगुर्ड्यांची नऊ वर्षांची मुलगी. वसाहतीची रीत अशी, की सुजाता झालेल्या मुलीने खीर अर्पण करायची आणि पातेल्यातली पहिली वाटी सगळ्यांसमोर तिनेच खायची. मग बाकीच्यांनी. यात अडचण एवढीच होती, की साक्षीच्या पोटात दुधाचा थेंब गेला की ओठ सुजायचे, अंगभर गांधी उठायच्या, आणि एकदा तर धाप लागून तिला रिक्षात घालून दवाखाना गाठावा लागला होता. दर पौर्णिमेला ती हातात वाटी घ्यायची, वास घ्यायची आणि वाटी वडिलांकडे सरकवायची. त्यामुळे गांगुर्डे दरवर्षी दोन वाट्या खायचे, आणि दुसरी त्यांना कधी गोड लागली नाही.

बातमी फुटली तसा सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारच्या कलाबाई म्हणाल्या, वाटी ओठाला लावल्यासारखं करायचं, लांबून कोणाला कळतंय. कलाबाईंचा अमित, जो कॉम्प्युटरचा कोर्स करत होता आणि त्यामुळे सर्व विषयांत मत द्यायचा, म्हणाला, "काका, सोपं आहे. तिच्यापुरती एका छोट्या पातेलीत वेगळी..." आणि तिथेच थांबला, कारण समोरच्या बाकावर पुंजाराम बाबा बसले होते. बाबा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. अमित पुढचे चार दिवस त्या रस्त्याने गेला नाही.

साक्षीने मात्र एका वाक्यात विषय संपवला. "पप्पा, मी खोटं खायचं आणि नंतर सगळे खरं खाणार. मग सुजाता मी कशी?"

पोरीच्या या प्रश्नाला कुठल्याही शासकीय परिपत्रकात उत्तर नव्हतं. गांगुर्डे संध्याकाळी पल्लवीवहिनींना, म्हणजे आपल्या पत्नीला म्हणाले, "बासष्ट घरांची खीर बिनदुधाची करायची."

"अहो, तुम्हाला चहा तरी करता येतो का?" पल्लवीवहिनींनी विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून गांगुर्ड्यांनी तो अनुत्तरित ठेवला.

आधी कागद सरळ करावा म्हणून त्यांनी घटना काढली. पौर्णिमेला एकोणीस दिवस उरले होते. सूचना हवी एकवीस दिवसांची. ते तडक संस्थांच्या नोंदणीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने कलम दोनदा वाचलं, पळवाट शोधली, शेवटी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "साहेब, फार पक्कं काम आहे हो. कुठून बोटसुद्धा घालता येत नाही. लिहिलंय कोणी?"

"मीच," गांगुर्डे म्हणाले. बावीस वर्षांत त्यांच्या मसुद्याचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि झालं ते असं. जड पायांनी ते बाहेर पडले.

परतताना पंचवटीत नारळांचा भाव बघायला थांबले, तर एका मंगल कार्यालयात 'सहज आरोग्य, रोजचा आनंद' असं शिबिर चाललेलं. दूध, तूप, मध काहीही न वापरता गोडधोड कसं करावं आणि मन प्रसन्न कसं ठेवावं, हे एक किडकिडीत गृहस्थ अतिशय प्रसन्नपणे सांगत होते. शेवटी त्यांनी एक पुस्तिका विकली. नारळाच्या दुधाची खीर पान एक्केचाळीसवर होती.

दुसऱ्या कोणी सरळ पान एक्केचाळीस उघडलं असतं. पण गांगुर्डे पडले लिपिक. आधीची चाळीस पानं पूर्ण केल्याशिवाय एक्केचाळीसावर जाणं त्यांच्या दृष्टीने बेकायदा होतं. त्या चाळीस पानांत सुखी जीवनाचे साधे उपाय होते, आणि त्यांनी ते क्रमाने अमलात आणले.

पान तीन: सकाळी उठल्यावर आरशासमोर एक मिनिट मोकळेपणी हसावे. गांगुर्ड्यांचा आरसा खिडकीच्या तोंडावर. कलाबाईंनी पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी पल्लवीवहिनींना हळूच विचारलं, "भावजींच्या हापिसात सगळं बरं चाललंय ना?" पान नऊ: घास बत्तीस वेळा चावावा. जेवणाची सुट्टी संपली तरी गांगुर्डे दुसऱ्या पोळीत अडकलेले असायचे. पान सतरा: रोज अर्धा तास मौन. घरी जमेना म्हणून त्यांनी ते कचेरीत अकरा ते साडेअकरा पाळलं. साहेबांनी फाईल मागितली, तर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, 'मौनात आहे, अकरा एकतीसला देतो.' साहेबांनी चिठ्ठीवर 'पाहिले' असा शेरा मारून ती परत पाठवली. पान बावीस: अनवाणी हिरवळीवर चालावे. सिंहस्थामुळे हिरवळीच्या जागी खडी पसरलेली होती. गांगुर्डे खडीवर चालले आणि दोन दिवस लंगडले.

पण खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत हा माणूस घरात एकदाही ओरडला नाही, नि पल्लवीवहिनींनी हे मनात नोंदवून ठेवलं. त्या बोलल्या नाहीत, कारण बोललं की तो लगेच कलम करतो, हा त्यांचा अनुभव होता.

मग एकदाचं पान एक्केचाळीस आलं. पहिली खीर शेंगदाण्याच्या दुधाची झाली, तिला उपवासाचा वास आला. दुसरी सोयाबीनची, तिच्याविषयी साक्षीनेसुद्धा "पप्पा, ही आपण विसरून जाऊ" असं म्हटलं. तिसरी नारळाच्या दुधाची. ती सुरेख झाली आणि उकळी फुटताच फाटली. वर तेलाचा तवंग, खाली पाणी, मध्ये गांगुर्डे. पुढे पल्लवीवहिनींनी आच एकदम मंद ठेवायला शिकवलं तेव्हा ती कुठे जमली. साक्षीने पातेली बोटाने चाटूनपुसून स्वच्छ केली आणि रात्रभर तिच्या अंगावर एक गांध उठली नाही. सकाळी गांगुर्डे आरशासमोर हसले ते पान तीनसाठी नव्हतं.

राहिली सभा. नियमाने ती भरतच नव्हती, म्हणून तिला 'अनौपचारिक विचारविनिमय' असं नाव दिलं. मतं वळवायला गांगुर्ड्यांनी पान पंचेचाळीसचे खजूर-तिळाचे लाडू केले. पुस्तिकेतला खजूर मऊ असणार, यांचा होता चिवट. लाडू तोंडात गेले आणि सभेची तोंडं चिकटली. बिनदुधाची खीर म्हणजे खीरच नव्हे, असं म्हणायला जे चार-पाच जण तयारीने आले होते त्यांना नुसतं हुंकारता आलं. विरोध नोंदवायचा तर तोंड उघडावं लागतं. पाच मिनिटं सगळी वसाहत एकमेकांकडे बघत चावत होती.

पुंजाराम बाबांनी शेवटी कवळी काढून रुमालात बांधली आणि बोळक्या तोंडानेच बोलले. "पोरगी दरवर्षी वाटी बापाकडे सरकवती. मी बघतो ना बाकावरनं. एका पातेल्यातलं एका लेकराला खाता येत नसंल, तर ते पातेलं एक कसं?"



"पण बाबा, कलम," गांगुर्डे चाचरले. "बदलायला सुरुवातीलाच दोन दिवस कमी पडले."

"बदलू नको मग. अर्धं मोडू. पातेल्याचं पाळू, दुधाचं मोडू. सगळ्यांनी मिळून मोडलं असं लिहून ठेव."

घटनेचा भंग, तोही इतिवृत्तात नोंदवून. गांगुर्ड्यांनी पेनाचं टोपण काढून परत लावलं. पण पोरीचा चेहरा समोर आला आणि त्यांनी लिहिलं: 'कलम अकरा (ब) चा अंशतः भंग करण्याचे एकमताने ठरले.' घरटी एक नारळ, त्याचं दूध काढून तांब्यातून आणायचं. तशी लेखी सूचना त्यांनी स्वतः बासष्ट दारांच्या कड्यांना अडकवली.

पौर्णिमेच्या दिवशी ऊन असं, की पटांगणातली सतरंजी हाताला चटका देत होती. दुपारपासून घराघरांत खोबरं किसायचा आवाज. गांगुर्डे पातेल्याशेजारी स्टुलावर पहाऱ्याला बसले, कारण त्यांना विरोधकांपेक्षा प्रेमळ माणसांची भीती होती. ती खरी ठरली. कलाबाई नारळाच्या दुधाच्या तांब्याबरोबर दुसराही झाकलेला तांब्या घेऊन आल्या. "एवढंसं म्हशीचं टाकू का भावजी? तुमच्या खिरीला जरा अंग येईल." त्यांना परत धाडलं, तर सायीची वाटी घेऊन दुसऱ्या बाई. अशा सात जणी त्यांनी परतवल्या. सातही जणी मनाने सोन्यासारख्या होत्या आणि सातही जणींनी पोरीला दवाखाना दाखवला असता.

संध्याकाळी माईकवरून कलमाचं वाचन झालं, पाठोपाठ भंगाचंही झालं. पहिल्या तांब्यासाठी चांगुणाआजीला हाक मारली. आजी नव्हती. दोनदा, तीनदा हाक दिली. वसाहत वसल्यापासून सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. शेवटी बाबांनी मान हलवली आणि बाकीचे एकसष्ट तांबे पडले.

मोठ्या चुलीला पल्लवीवहिनींची मंद आच काय ठाऊक. लाकडं धडधडली. वहिनी दोन्ही हातांनी लांब डाव फिरवत होत्या, "जाळ ओढा, जाळ ओढा" म्हणत होत्या, तोवर कडेने पाणी सुटायला लागलं आणि मध्ये पिवळट तवंग चकाकला. भात वेगळा शिजवून ठेवलेला, तो शेवटी घालायचा होता. पुस्तिकेत फाटलेल्या खिरीविषयी काहीच नव्हतं. मंचामागे साक्षी सुजाताची पांढरी साडी नेसून, केसांत फूल खोचून उभी होती. गांगुर्ड्यांनी पातेल्यात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि त्यांना खाली बसावंसं वाटलं.

त्याच वेळी गर्दी बाजूला झाली आणि चांगुणाआजी आली. हातात पितळी तांब्या. आज त्यावर पदर नव्हता. तांब्या काठोकाठ पांढराशुभ्र.

गांगुर्ड्यांना एकदम आठवलं. आजीला वाचता येत नाही, आणि त्यांनी तिच्या कडीला कागद अडकवला होता. सगळ्या दारांना अडकवला तसा. तोंडाने सांगायला ते गेलेच नव्हते. ते पातेल्याच्या आड उभे राहिले आणि हात जोडले.

"आजी, थांबा. आज दूध नाही चालत. माझी पोरगी..."

"पहिला तांब्या अडवतो का, धम्मा?"

सगळं पटांगण बघत होतं. वसाहतीत आजीला अडवणारा माणूस अजून जन्मला नव्हता. गांगुर्डे जागचे हलले नाहीत. "पाया पडतो आजी. पण नाही."

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरची एक एक सुरकुती सैल झाली. "बरं केलं अडवलं. बापानं असंच ऱ्हावं. साक्षी सांगून गेली मला समदं, तुझा कागद राहू दे तिकडं." तिने तांब्या त्यांच्या नाकासमोर धरला. "वास घे. तांदूळ हाय. रातीचा भिजवून पाट्यावर वाटलेला. दूध नाय यात. कधीच नव्हतं."

गांगुर्ड्यांना नीट समजलं नाही. मागे उभ्या असलेल्यांनाही नाही. माईक चालू होता, त्यामुळे ऐकू मात्र सगळ्यांना आलं.

"पहिल्या साली मालक गेलेले, घरात दूध कुठलं," आजी म्हणाली. "पन पहिलं घर माझं, तांब्या मोकळा कसा न्यायचा? मूठभर तांदूळ वाटला, पानी घातलं, झाकून आनला. समद्यांना खीर लय गोड लागली. मग दर साली तेच आनलं. पुढं दूध घेता यायला लागलं, तवा वाटायचं, आता बदललं तर खीर बदलंल. मग तू माईकवर वाचलंस, अर्धा लिटर दूध पडंलच. तवापासून पाठ करून ओतायची. आजबी दारात बसले व्हते, जावं का नाय करत." तिने त्यांच्या मागच्या पातेल्याकडे नजर टाकली. "सरक आता. तुझी खीर फाटलीया."

गांगुर्डे सरकले. आजीने एका हाताने तांब्या बारीक धारेने सोडला आणि दुसऱ्या हाताने पल्लवीवहिनींकडून डाव घेतला. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, पण डाव असा फिरवला की बघत राहावं. तवंग आधी विरळ झाला, मग दिसेनासा झाला. कडेचं पाणी आत ओढलं गेलं, आणि पाहता पाहता पातेल्यात दाट, सारखी, चकचकीत खीर रटरटू लागली. वहिनींनी भात घातला, गूळ घातला, वेलदोडा घातला. आजी समोर तोंड करून उभी होती, सगळ्यांना दिसेल अशी.

गांगुर्डे मात्र खिरीकडे बघत नव्हते. 'पडेलच' मधला तो च त्यांनी केवढ्या हौसेने लिहिला होता. अकरा वर्षं माईकवरून वाचला होता. त्या प्रत्येक वेळी एक म्हातारी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेली होती, आणि त्यांनी एकदाही वळून बघितलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. ते आजीजवळ गेले. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"ऊठ," आजी म्हणाली. "पोरीला वाटी दे आधी."

साक्षी आली. पातेल्यातली पहिली वाटी तिने अर्पण केली, मग परत हातात घेतली. तिने आधी सवयीने वास घेतला. गांगुर्ड्यांचा हातही सवयीने पुढे झाला, सरकवलेली वाटी घ्यायला. पण वाटी आलीच नाही. साक्षी खात होती. बोटाने कडा पुसून खात होती. पुंजाराम बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसतच होते. त्या वर्षी गांगुर्ड्यांनी एकच वाटी खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पूर्ण एकवीस दिवसांची लेखी सूचना काढली. या खेपेला बासष्ट दारांत स्वतः उभं राहून ती तोंडी सांगितली, सुरुवात चांगुणाआजीच्या दारापासून. सभा रीतसर भरली. लाडू ठेवले नव्हते. गांगुर्डे उठले, घसा साफ केला आणि दुरुस्त कलम वाचलं.

"कलम अकरा (ब): पातेले एकच."

लोक पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. गांगुर्डे खाली बसले.

"झालं?" पुंजाराम बाबांनी विचारलं.

"झालं, बाबा."

बाबांनी कागद घेतला, सही केली, अंगठा केला नाही. "अकरा वर्षं घेतलीस रे," ते म्हणाले. "मी तेव्हाच एवढंच सांगितलं होतं."